हमी आणि कर्ज: मिसिसिपीच्या एका काउंटीतून दिसणारा अमेरिकी ग्रामीण गृहकर्जांचा इतिहास

१/
डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ हे १९३६ सालचे छायाचित्र इतिहासाच्या बहुतेक चाहत्यांनी पाहिलेले असते. कपाळावर आठ्या, खांद्यांवर मान टाकलेली दोन मुले, नजर दूर कुठेतरी. ज्या सरकारी खात्यासाठी हे छायाचित्र टिपले गेले, त्या खात्याचे मुख्य काम मात्र छायाचित्रण नव्हते. ते खाते कर्जे देत असे.

२/
१९३५ साली ते ‘रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाने स्थापन झाले, १९३७ पासून ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणून ओळखले गेले. त्याची छायाचित्रे संग्रहालयांत गेली, पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. त्याची कर्जे विस्मरणात गेली. हा थ्रेड त्या कर्जांविषयी आहे, आणि पुढील अर्धशतकात त्यांच्या जागी जे आणून बसवले गेले त्याविषयी.

३/
सरकार गृहकर्जाला दोन रीतींनी पाठबळ देऊ शकते. पहिल्या रीतीत सरकार स्वतः धनको होते: पैसा त्याचा, निर्णय त्याचा, वसुलीही त्याची. दुसऱ्या रीतीत पैसा बँकेचा आणि निर्णयही बँकेचा. कर्ज बुडाले तर भरपाई सरकारची. पहिले कर्ज, दुसरी हमी. दोहोंना ‘सरकारी पाठबळाचे गृहकर्ज’ या एकाच गाठोड्यात बांधण्याची सवय लोकप्रिय इतिहासलेखनाला जडली आहे, आणि त्या गाठोड्यातच ग्रामीण अमेरिकेची निम्मी कथा हरवली आहे.

४/
शहरांची कथा आता सर्वांना ठाऊक आहे. १९३४ साली ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ची स्थापना झाली. ही संस्था एक डॉलरही कर्ज देत नसे. ती बँकांच्या कर्जांचा विमा उतरवीत असे. कोणती वस्ती विम्यास पात्र, हे ठरवताना तिने वंशाला निकष केले आणि कृष्णवर्णीय वस्त्या बाद ठरवल्या. ‘रेडलायनिंग’ हा शब्द त्यामुळे आज विद्यार्थ्यांच्याही तोंडी आहे. पण हा झाला हमीचा इतिहास, तोही शहरी. खेड्यात काय घडले?

५/
खेड्यात मुळात बँकच नव्हती, किंवा असली तर मळेवाल्याची होती. १८८० साली अमेरिकेतील सुमारे चौथा हिस्सा शेते कुळांकडे होती. १९३५ साली हे प्रमाण ४२ टक्क्यांवर पोचले. मिसिसिपीत तर दहापैकी सात शेते कुळांची. ज्या घरात कूळ राही ते घर मळेवाल्याचे. बियाणे, खेचर, मीठ-पीठ हे सारे मळ्याच्या दुकानातून उधारीवर, आणि हिशोबाची वही मळेवाल्याच्या हाती. कूळ आणि सावकार या दोन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा सांगावा लागू नये.

६/
या व्यवस्थेत घर ही निवाऱ्याची बाब राहत नाही. घर ज्याचे, त्याच्या मर्जीवर कुळाचे बोलणे-चालणे, मुलांची शाळा, मतदान, सारे अवलंबून. म्हणूनच ग्रामीण गृहकर्जाचा इतिहास व्याजदरांच्या तक्त्यांतून वाचला तर तो अर्थशून्य वाटतो. तो मतदारयाद्यांशेजारी ठेवून वाचावा लागतो.

७/
२२ जुलै १९३७ रोजी बँकहेड-जोन्स कायदा संमत झाला. कुळाने आपली जमीन व घर विकत घ्यावे यासाठी सरकारने स्वतः कर्ज द्यावे, अशी त्यात तरतूद होती. मुदत ४० वर्षे, व्याज ३ टक्के, आणि खरेदीची पूर्ण किंमत कर्जाऊ. ज्या काळात कुळाला दुकानातील उधारीवर याच्या कित्येक पट व्याज पडत असे, त्या काळातील हे आकडे आहेत.

८/
आता मिसिसिपीतील होम्स काउंटी. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील तालुका-जिल्ह्याच्या दरम्यानचे प्रशासकीय एकक.) तिचा पूर्वभाग डोंगराळ, पश्चिमभाग डेल्टाच्या काळ्या, सुपीक, कापसाच्या मातीचा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची.

९/
१९३९च्या हिवाळ्यापूर्वी मॅरियन पोस्ट वोलकॉट या छायाचित्रकार याच खात्यासाठी होम्स काउंटीतील माइल्स्टन येथे आल्या. मळ्यावर कापूस वेचणाऱ्या मजुरांना मजुरी चुकती होतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत एक खिडकी येते: आत पैसे मोजणारा, बाहेर हात पसरलेला. छायाचित्र संपते तेथे बहुतेकांचा इतिहासही संपतो. माइल्स्टनची खरी गोष्ट त्यापुढे आहे.

१०/
कारण त्याच सुमारास खात्याने माइल्स्टन परिसरातील मळे विकत घेतले, एकूण ९,००० एकरांहून अधिक. त्यांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यावर घर आणि कोठार उभे केले, आणि शंभरावर कृष्णवर्णीय कुटुंबांना ते दीर्घ मुदतीच्या, अल्पव्याजी कर्जावर विकले. जोडीला सहकारी दुकान, सहकारी जिन, शाळा.

११/
जिनचे महत्त्व कापसाच्या मुलखातील वाचकाला चटकन कळेल. कापूस पिकवून भागत नाही. सरकी निघाल्याशिवाय तो विकता येत नाही. गोऱ्या मालकाच्या जिनने माल नाकारला की वर्षाची मेहनत मातीमोल. खात्याच्या अधिकाऱ्यांना हे समजत होते. नुसत्या घराचे कर्ज देऊन कूळ स्वतंत्र होत नाही, हे त्यांनी जाणले होते.

१२/
या प्रयोगाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता कामा नये. खात्याने कृष्णवर्णीयांसाठी आणि गोऱ्यांसाठी निरनिराळ्या वसाहती वसवल्या. वर्णभेदाची चौकट त्याने मोडली नाही. दक्षिणेतील कुळांच्या संख्येपुढे माइल्स्टनसारख्या वसाहती म्हणजे समुद्रातील थेंब. तरीही तो थेंब पडला, आणि तो कोणी पाडला हा प्रश्न उरतोच. कोणत्याही बँकेने पाडला नाही.

१३/
याच राज्यातील दुसरा आकडा पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी १९४४चा कायदा होता. कर्ज बँक देणार, हमी सरकार देणार. कायद्याच्या मजकुरात वर्णभेदाचा शब्दही नव्हता. १९४७ साली मिसिसिपीतील १३ शहरांत या हमीखाली घर, धंदा व शेतीसाठी दिलेल्या ३,२२९ कर्जांची पाहणी झाली. त्यांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे: दोन.

१४/
दोन टक्के नव्हेत. दोन.

१५/
एकच राज्य, जवळजवळ एकच दशक. जेथे सरकार स्वतः धनको होते तेथे एका कोपऱ्यात शंभरावर कृष्णवर्णीय कुटुंबे घरमालक झाली. जेथे सरकार फक्त जामीन राहिले तेथे तेरा शहरांत मिळून दोघांना कर्ज मिळाले. एक बाजू शेतीच्या वसाहतीची आणि दुसरी शहरांची, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. पण दोहोंतील फरक एवढा प्रचंड आहे की काटेकोरपणाची उणीव त्याला झाकू शकत नाही.

१६/
माइल्स्टनच्या घरांचे मोल कळायला मात्र १९६३ उजाडावे लागले. त्याआधी, १९६२ची एक घटना.

१७/
डेल्टातीलच सनफ्लावर काउंटीत फॅनी लू हेमर एका मळ्यावर वाट्याने शेती करीत. अठरा वर्षे त्या तेथे होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी इंडियनोला येथे गेल्या. परतल्यावर मळेवाल्याने सांगितले, अर्ज मागे घे, नाहीतर घर सोड. त्याच रात्री त्यांनी घर सोडले. हेमर पुढे नागरी हक्क चळवळीच्या मोठ्या नेत्या झाल्या, म्हणून ही हकीकत जगाला ठाऊक आहे. ज्यांनी अर्ज मागे घेतला, किंवा घराच्या भयाने नोंदणी कचेरीची पायरीच चढले नाहीत, त्यांची नोंद कोठे सापडावी?

१८/
९ एप्रिल १९६३. होम्स काउंटीचे मुख्य ठिकाण लेक्झिंग्टन. माइल्स्टन भागातून चौदा कृष्णवर्णीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी न्यायालयाच्या इमारतीपाशी आले. समोर शेरीफ आणि त्याचे सशस्त्र लोक. पहिला कोण, असा सवाल झाला. हार्टमन टर्नबो हे शेतकरी पुढे झाले. चळवळीच्या इतिहासात हे ‘पहिले चौदा’ म्हणून ओळखले जातात.

१९/
महिन्याभरात टर्नबो यांच्या घरावर पेटते बॉम्ब फेकले गेले. कुटुंब वाचले, टर्नबो बंदूक घेऊन बाहेर आले आणि त्यांनी हल्लेखोरांना पिटाळले. त्यानंतर शेरीफने अटक केली ती टर्नबो यांनाच, स्वतःचे घर स्वतः पेटवल्याच्या संशयावरून. इतके झाले, पण हेमर यांच्या बाबतीत जे एका वाक्यात घडले ते येथे घडू शकले नाही. माइल्स्टनच्या शेतकऱ्यांना घर जाळण्याची धमकी देता येत होती. घर सोडण्याचा हुकूम देता येत नव्हता. घर त्यांचे होते.

२०/
होम्स काउंटीची चळवळ मिसिसिपीतील सर्वांत चिवट चळवळींपैकी एक ठरली, आणि तिच्या केंद्रस्थानी जमीनमालक शेतकरी होते. १९६४च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात गेलेल्या ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’च्या प्रतिनिधींत टर्नबो होते. १९६७ साली याच काउंटीने रॉबर्ट क्लार्क या शिक्षकाला विधिमंडळात पाठवले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर मिसिसिपीच्या विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य.

२१/
राज्यशास्त्रज्ञ लेस्टर सॅलमन यांनी १९७९ साली या कृष्णवर्णीय वसाहतींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा रोख सरकारी योजनांच्या मूल्यमापनावर होता. या वसाहतींचा हिशोब चाळिशीच्या दशकात मांडला गेला आणि त्या ‘अपयशी’ म्हणून निकालात निघाल्या. तीस वर्षांनी पाहिले तर त्यांतून स्थिर जमीनमालकांचा वर्ग उभा राहिलेला दिसला, आणि चळवळीला नेतृत्व पुरवण्यात त्याचा वाटा त्याच्या संख्येच्या मानाने कितीतरी मोठा होता.

२२/
पण अपयशाचा शिक्का आधीच मारला गेला होता. ‘अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन’ ही बड्या शेतकऱ्यांची संघटना आणि व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी खात्याविरुद्ध मोहीम उघडली. उधळपट्टी, समाजवाद, शेतमजुरांना बिघडवणे असे आरोप झाले. शेवटचा आरोप सर्वांत प्रामाणिक होता: कुळे मालक झाली तर मळ्यावर राबणार कोण? १९४३ साली निधी छाटला गेला, वसाहती मोडीत काढण्याचे आदेश निघाले, आणि १९४६ साली खाते बंद होऊन त्याच्या जागी ‘फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन’ आले.

२३/
तरीही थेट कर्जाची कल्पना मेली नाही. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याच्या पाचव्या प्रकरणाने शेतकऱ्यांना घरासाठी थेट सरकारी कर्ज देऊ केले: ४ टक्के व्याज, ३३ वर्षांपर्यंत मुदत. या प्रकरणातील ५०२ हे कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते आजही जिवंत आहे.

२४/
या कलमाच्या पोटात एक अट आहे, आणि साऱ्या वादाचे मूळ तीत आहे. अर्जदाराला वाजवी अटींवर अन्यत्र कर्ज मिळत नसेल तरच सरकारने त्याला कर्ज द्यावे. म्हणजे बँकेने नाकारणे ही येथे पात्रता होती. हमीच्या योजनेत नेमके उलटे असते: बँकेने स्वीकारले तरच योजना सुरू होते. एकाच सरकारी कर्जनीतीच्या या दोन शाखा म्हणवल्या जातात, पण एकीचे दार जेथे उघडते तेथे दुसरीचे बंद होते.

२५/
पुढील दोन दशकांत थेट कर्जाचा विस्तार झाला. १९६१ साली शेतकरी नसलेल्या ग्रामीण रहिवाशांना ते खुले झाले. १९६८ साली व्याजसवलत आली: कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे कर्जदाराचा व्याजदर १ टक्क्यापर्यंत खाली. सत्तरच्या दशकात वर्षाकाठी लाखावर थेट कर्जे दिली गेली, अशी वर्षे आहेत.

२६/
या काळातील सर्वांत सुंदर प्रयोग मिसिसिपीत झाला नाही, कॅलिफोर्नियातील टुलारे काउंटीत झाला. १९६३ साली गोशेन या छोट्या वस्तीत क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेच्या साहाय्याने तीन शेतमजूर कुटुंबांनी ५०२ कलमाखाली कर्ज घेतले आणि घरे स्वतःच्या हातांनी बांधली. डाऊन पेमेंटला पैसा नव्हता, श्रम होते. सरकारने ते श्रम मान्य केले.

२७/
या पद्धतीचा नियम मोठा मार्मिक आहे. गटातील कुटुंबे एकमेकांची घरे बांधतात, आणि शेवटचे घर पुरे झाल्याखेरीज कोणीही राहायला जात नाही. १९६८च्या कायद्याने अशा गटांना तांत्रिक मार्गदर्शन पुरवण्यासाठी निधी ठेवला. पद्धत देशभर पसरली आणि आजही चालू आहे. दिवसभर दुसऱ्याची द्राक्षे तोडून संध्याकाळी शेजाऱ्याच्या घराच्या भिंती उभारणारे कुटुंब कोणत्याही बँकेच्या छापील अर्जात बसत नाही. धनको माणूस पाहू शकतो. जामीन फक्त बँकेची फाइल पाहतो.

२८/
येथे हमीचे समर्थक एक भेदक प्रश्न विचारतात: धनको माणूस पाहतो हे खरे, पण तो माणसाचा रंगही पाहतो, त्याचे काय? प्रश्न बिनतोड आहे. तो टाळणारा थेट कर्जाचा कैवारी अर्धाच इतिहास सांगतो.

२९/
१९४९च्या कायद्यानुसार कर्जाचे अर्ज काउंटीतील तिघांच्या समितीपुढे जात, आणि त्यांतील बहुसंख्य शेतकरी असत. डेल्टात अशा समितीवर कोण बसत असेल, हे सांगण्याची गरज नाही. १९६५ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने शेतीविषयक योजनांवर अहवाल दिला. समान आर्थिक स्थितीतील गोऱ्या कर्जदारांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना लहान कर्जे मिळत. आणि तीही भांडवलासाठी कमी, खाण्यापिण्याच्या खर्चासाठी अधिक, असे त्यात नोंदले आहे.

३०/
पुढे काय झाले? १९८३ साली कृषी खात्याची नागरी हक्कांच्या तक्रारी तपासणारी यंत्रणाच मोडीत निघाली. तक्रारी येत राहिल्या, उघडून पाहणारे कोणी नव्हते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी शेतीकर्जांतील भेदभावाविरुद्ध लढलेल्या ‘पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या खटल्यात १९९९ साली तडजोड झाली. भरपाईची रक्कम पुढे एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. तो खटला शेतीकर्जांचा होता, पण कचेऱ्या आणि वृत्ती त्याच.

३१/
म्हणजे थेट कर्जात पक्षपात होता. यातून निष्कर्ष कोणता काढायचा? तिघांच्या समितीवर देखरेख ठेवता येते, तिला जाब विचारता येतो, तिच्याविरुद्ध खटला भरता येतो. पिगफोर्ड प्रकरण घडू शकले ते धनको सरकार होते म्हणून. अर्ज नाकारणारा अधिकारी संविधानाला बांधलेला होता म्हणून. १९४७च्या मिसिसिपीत ज्या हजारो सैनिकांना बँकेच्या खिडकीवरून परत पाठवले गेले, त्यांना असा न्याय कधी मिळाला? तेथे नकार खासगी होता आणि हमी सरकारी; दोघांपैकी कोणीच दोषी ठरले नाही.

३२/
रोग समितीत होता. छाटले गेले ते कर्ज.

३३/
ऐंशीच्या दशकात रेगन प्रशासनाने थेट ग्रामीण गृहकर्जे आकसवली. १९९०च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने ५०२ कलमातच हमीची कायम शाखा उघडली: कर्ज बँकेचे, आणि ९० टक्क्यांपर्यंत हमी कृषी खात्याची. १९९४ साली ‘फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन’ बरखास्त झाले आणि कृषी खात्याच्या स्थानिक कचेऱ्या मोठ्या संख्येने बंद वा एकत्र झाल्या. जेथे पूर्वी काउंटीच्या गावी चालत जाऊन अर्ज देता येई, तेथे आता शेजारच्या काउंटीपर्यंत गाडी हाकावी लागे.

३४/
याच १९९० साली संमत झालेल्या दुसऱ्या एका कायद्याकडे इतिहासप्रेमी सहसा वळत नाहीत, कारण तो हिशोबाचा आहे. ‘फेडरल क्रेडिट रिफॉर्म ॲक्ट’ने ठरवले की प्रत्येक सरकारी कर्जाचा वा हमीचा आयुष्यभराचा अपेक्षित खर्च पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात दाखवावा. शिस्त म्हणून हे उत्तमच. पण परिणाम पाहा: १ टक्का व्याजाच्या कर्जापुढे ठळक खर्च दिसतो, हमीपुढे कर्जदाराकडून घेतलेले शुल्क जमा होते आणि खर्च जवळजवळ शून्य दिसतो. (हे शुल्क सध्या सुरुवातीला १ टक्का, आणि पुढे वर्षाला ०.३५ टक्के.) काटकसर करू पाहणाऱ्या लोकप्रतिनिधीने कोणत्या रकान्यापुढे बरोबरची खूण केली असेल?

३५/
आज हमीचे कैवारी याच गोष्टीचा अभिमान बाळगतात: खजिन्याला तोशीस नाही आणि लाभार्थी कितीतरी अधिक. दोन्ही विधाने खरी आहेत. प्रश्न एवढाच, की अधिक कोण? हमीसाठी उत्पन्नाची मर्यादा त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या ११५ टक्के, म्हणजे सरासरी शेजाऱ्याहून बरी कमाई असलेले कुटुंबही पात्र. थेट कर्ज मध्यकाच्या ८० टक्क्यांच्या आत कमावणाऱ्यांसाठी, आणि त्याच्या निधीचा किमान ४० टक्के हिस्सा मध्यकाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी कायद्याने राखलेला.

३६/
हमीमुळे कोणाचे भले होत नाही, असे कोणी म्हणू नये. नर्स, शिक्षक, ट्रकचालक यांना डाऊन पेमेंटशिवाय घर मिळते, ही मोठी गोष्ट आहे. तक्रार आहे ती नावाविषयी. एका वर्गाची योजना बंद करत आणायची, दुसऱ्या वर्गाची योजना त्याच कलमात वाढवायची, आणि दोहोंच्या बेरजेला ‘ग्रामीण गृहकर्जांचा विस्तार’ म्हणायचे, ही शब्दांची हातचलाखी आहे.

३७/
‘ग्रामीण’ या शब्दाचेही तेच. पूर्वी २,५०० वस्तीपर्यंतचे गाव ग्रामीण. १९६५ साली ही मर्यादा ५,५०० झाली, १९७० साली १०,०००, १९७४ साली महानगर क्षेत्राबाहेर २०,०००. एकदा ग्रामीण ठरलेल्या गावांची वस्ती वाढली तरी त्यांना वगळू नये म्हणून २०१४ साली त्यांची मर्यादा २५,००० वरून ३५,००० केली गेली. खेडी वाढली नाहीत, व्याख्या वाढली. त्या व्याख्येच्या आत शहराच्या वेशीवरील नव्या वसाहती आल्या, जेथे बँका आहेत, बिल्डर आहेत, आणि हमीचे कागद पुरे करणारे दलालही आहेत. डेल्टात यांतील काहीच फारसे नाही.

३८/
कोणी म्हणेल, माइल्स्टन हा १९४०चा प्रश्न होता. आता मतदानासाठी घर गमवावे लागत नाही. खरे आहे. पण पतपुरवठ्याची भूक जेथे सर्वाधिक तेथे बँकेची शाखा सर्वांत दूर, हे गणित १९३७ साली होते आणि आजही बरेचसे तसेच आहे. जी बँक येतच नाही तिच्या कर्जाची हमी देऊन सरकार नेमके काय देते?

३९/
२०२४ या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी काँग्रेसने ५०२ कलमाखाली हमीसाठी २,५०० कोटी डॉलरची मर्यादा ठरवली. थेट कर्जासाठी ८८ कोटी. सत्तरच्या दशकात वर्षाला लाखावर जाणारी थेट कर्जांची संख्या आता काही हजारांवर आली आहे. आणि त्या ८८ कोटींच्या रांगेत उभ्या असलेल्या अर्जदाराची पात्रता आजही तीच आहे, जी १९४९ साली होती: वाजवी अटींवर दुसरीकडे कोठेही त्याला कर्ज मिळालेले नसावे.